बाई, बावन्न की अठ्ठेचाळीस?

बाई, गेल्या आठवड्यात मी तुमच्या छपरीत बसून मोटार कापली आणि फेरे मोजायचे विसरलो.

तुम्हाला एवढं वाक्य पुरे होतं. तुम्ही चष्मा कपाळावर सारला असता, माझ्याकडे न पाहता त्या रिकाम्या मोटारीकडे पाहिलं असतं आणि तिलाच म्हटलं असतं, "सापडली का वो तू जवाईबापूच्या हातात?" पण ज्यांनी जळकी मोटार कधी उघडून पाहिली नाही, त्यांच्यापुढे माझी अब्रू मलाच काढायला हवी. पाण्याची मोटार जळली की तिच्या पोटातली तांब्याची तार काढून नवी भरावी लागते. जुनी काढण्याआधी एकेका गुंडाळीत किती फेरे आहेत ते मोजायचं, तार किती जाड ते मापायचं, दोन्ही लिहून ठेवायचं. तोवर छिन्नीला हात लावायचा नाही. आमच्या कामातला हा पहिला धडा. तुम्हाला तो मीच शिकवला होता, आणि शिकवताना आवाजही जरा मोठा काढला होता.

त्या दिवशी मी छिन्नी घेतली, खटाखट गुंडाळ्या तोडल्या, पकडीनं ओढून काढल्या आणि सगळं तांबं भंगाराच्या बोऱ्यात टाकलं. त्या बोऱ्यात आधीच तीन मोटारींचं तांबं होतं. मग हात झटकले, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि लिहायला काही नव्हतं. बोऱ्यात हात घालून पाहिलं. बोऱ्यातलं तांबं म्हणजे लग्नघरच्या शेवया, कोणत्या कोणाच्या घरून आल्या कोण सांगणार?

बावीस वर्षं मी देवरीला सेठच्या मोटार भरायच्या दुकानात मिस्त्रीकाम केलं. तुमची तेरवी होऊन तीन दिवस झाले होते. दुःखात हात चुकला असं म्हणता येईल, आणि दुकानात मी तसंच सांगितलंही असतं. पण तुमच्याशी खोटं बोलून उपयोग नसतो. माझं लक्ष दुःखात नव्हतं. सेठकडून आणखी किती दिवसांची सुट्टी मागावी, का सरळच सांगून टाकावं, याची जुळवाजुळव चालली होती. म्हणजे दीड वर्षापूर्वी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तुमच्या तेरवीनंतर शोधत होतो. माझं सगळंच असं.

तुम्ही माझ्या बायकोची, कुंदाची, थोरली बहीण, म्हणजे माझी अकडसासू. बाहेरच्या माणसाला या नात्याचं वजन कळायचं नाही. साळीची, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीची, थट्टा करता येते, सासूच्या पाया पडून मोकळं होता येतं. अकडसासूसमोर तसा कोणताच मार्ग नाही. एका खाटेवर बसायचं नाही, अंगाला अंग लागू द्यायचं नाही, हातातून हातात वस्तू द्यायची नाही. जे द्यायचं ते खाली ठेवायचं, तिनं उचलायचं. आणि चेष्टामस्करी तर नाहीच नाही. ज्या माणसाचं थट्टेशिवाय पान हलत नाही, त्याला देवानं अकडसासू दिली आणि तीही तुमच्यासारखी. तुम्हाला मात्र थट्टेची बंदी नव्हती. निदान तुम्ही ती कधी पाळली नाही.

साडभाऊ, म्हणजे तुमचे मालक, गेले आणि चिचगडची ती दोन एकर धानाची बांधी तुमच्या एकटीवर आली. तुम्ही दोघी बहिणी चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या. "आमच्याकडे पाणी नहरातून आपल्या पायानं चालत येते," तुम्ही म्हणायच्या, "इथं त्याले ओढून आणाव लागते." पहिल्याच उन्हाळी धानाला तुमची मोटार जळली. धान पोटऱ्यात होता, पाणी तुटलं की दाणा भरत नाही अशा वेळेला. मी मोटार गाडीवर टाकून आमच्या दुकानात नेली. पुढे अठरा मोटारी होत्या. ओळख लावून, सेठच्या मागे लागून, नवव्या दिवशी मी ती मोठ्या रुबाबात परत आणली. तुम्ही मला बांधीत नेलं. लोंब्या बाहेर आल्या होत्या, पांढऱ्या, उभ्या, पोकळ. तुम्ही एक लोंबी ओढली, खाली बांधावर ठेवली. मी उचलली. चिमटीत दाणा नव्हता.

मला वाटलं आता रडतील. तुम्ही म्हणाल्या, "हे भरणं मले शिकवा."

मी हसलो. थट्टा करायची नव्हती, म्हणून नुसता हसलो. "बाई, ते बायकांचं काम नाही."

"काऊन? तार का मिशा पाहून आत जाते?"

दर रविवारी मी चिचगडला यायला लागलो. छपरीत मधोमध मोटार, अलीकडे मी, पलीकडे तुम्ही, आणि उंबऱ्यात सुपात काहीतरी घेऊन शेजारची एखादी म्हातारी, राखणीला. लोक हात धरून शिकवतात. मला हात धरता येत नव्हता, म्हणून मी तोंडानं शिकवलं, आणि माझं तोंड कसं आहे ते तुम्हाला माहीतच. मी म्हणायचो, "तार जरा अशी घ्या." तुम्ही विचारायच्या, "अशी म्हणजे कशी?" मी हवेत बोटं नाचवायचो. म्हातारी हसायची. मी पकड खाली ठेवायचो, तुम्ही उचलायच्या. तुम्ही कैची खाली ठेवायच्या, मी उचलायचो. त्यामुळे एक झालं. प्रत्येक गोष्ट मला शब्दांत सांगावी लागली, आणि सांगता सांगता कळलं की निम्म्या गोष्टी मी का करतो ते मलाच माहीत नव्हतं. तुम्ही "कायले?" विचारायच्या. मी "तसंच असते" म्हणायचो. तुम्ही हातातली तार सोडून द्यायच्या आणि कारण सापडेपर्यंत पुढे सरकायच्या नाही.

तिसऱ्या मोटारीला तुम्ही माझी चूक काढली. पाचवीला मी गप्प बसलो. दहावी मोटार मी नुसती पाहत होतो. खाचेत तार बसल्यावर वरून बांबूची कामटी ठोकायची असते, तार उसळू नये म्हणून. आम्ही दुकानात विकतच्या कामट्या वापरायचो. तुम्ही जंगलातला बांबू आणून, तासून, तेलात मुरवून घरीच बनवायच्या. गुंडाळ्यांची टोकं दोरीनं आवळायची तुमची वीण तर अशी, की मी एकदा मोटार खिडकीत उलटी धरून उजेडात पाहिली, कुठे फट दिसते का म्हणून. दिसली नाही. तेव्हा मला जे वाटलं त्याला शब्द नव्हता. आजही नाही. देवळात गाभाऱ्याच्या दारात उभं राहिल्यावर माणूस चप्पल काढली की नाही ते खाली वाकून पाहतो ना, तसं काहीतरी.

आणि तो करंट आठवतो? मोटार चालू करून पाहताना मी बोलण्याच्या नादात उघड्या तारेला चिकटलो. तुम्ही हात पुढे केला नाही. कोपऱ्यातली सुकी काठी घेतली आणि माझ्या मनगटावर अशी हाणली की मी अंगणात जाऊन पडलो. शेजारची म्हातारी ओरडत गल्लीत गेली, "अकडसासूनं जवायाले मारलं वो!" माणसं जमली. तुम्ही काठी जागेवर ठेवून म्हणाल्या, "हात नाही लावला मी. काठी लावली." नेमही पाळला, जीवही वाचवला. करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नसतो हे मीच तुम्हाला शिकवलं होतं, पण त्या क्षणी ते तुम्हाला आठवलं आणि मला त्याआधी साधं स्विच बंद करायचंही आठवलं नव्हतं. मनगट आठ दिवस सुजलं होतं. तुमचे आभार मानायचे राहून गेले ते गेलेच.

मग दहा वर्षं मी सेठच्या मोटारी बोऱ्यात बांधून गाडीवरून तुमच्याकडे आणल्या आणि भरून परत नेल्या. चिचगडची मोटारवाली बाई म्हणून तुमचं नाव पार छत्तीसगडच्या हद्दीपर्यंत गेलं.

आपलं भांडण तेव्हाच लागलं. बावन्न की अठ्ठेचाळीस.

कंपनीनं मोटारीत बावन्न फेरे भरलेले असले तर भरताना बावन्नच भरायचे, हे माझं म्हणणं. तुम्ही चिचगडच्या बाजूच्या मोटारींत कधी पन्नास भरायच्या, कधी अठ्ठेचाळीस, आणि तार एक नंबर जाड घ्यायच्या. मी चिडलो. "कंपनीचे इंजिनियर वेडे आहेत का?"

"वेडे कायले असतील? पण त्याइच्या घरी लाईन कोठून येते ते विचारून पाहा," तुम्ही म्हणाल्या. "इथं लाईन जंगलातून थकून भागून येते. अर्ध्या ताकदीची लाईन, आन मोटारीनं पुरं काम कराव म्हणता. जळल नाही तं का करल? दोन-चार फेरे कमी केले तं थकली लाईन बी तिले फिरवते."

मी म्हटलं, "आणि पहाटे लाईन पूर्ण ताकदीनं आली म्हणजे? तेव्हा कमी फेऱ्यांची मोटार तापणार नाही?"

याचं उत्तर तुम्ही दिलं नाही. मी जिंकलो असं समजून त्या दिवशी तुमच्या घरचं जेवण दोनदा वाढून घेतलं.

पण तुमच्या मोटारी परत येत नव्हत्या. आमच्या येत होत्या. एक दिवस सेठनं मला काउंटरजवळ बोलावलं, हळू आवाजात. "भाई, आपकी दीदी का काम अच्छा है। पर इतना भी अच्छा नहीं चाहिए। मोटर वापस तो आनी चाहिए ना! उनको बोलो, कंपनी का जो हिसाब है वही भरे।"

हा निरोप सेठला तुमच्यापर्यंत पोचवायचा होता आणि माझ्यासारखा पोस्टमन त्याला दुसरा मिळाला नसता. मी रविवारी आलो, बोरा उतरवला, चहा प्यालो, पावसापाण्याचं बोललो, मग निघता निघता गाडीला किक मारत सांगितलं. गाडी सुरू असली की माणसाला पळता येतं. तुम्ही ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी बोरा आणला तर तुम्ही तो उतरवू दिला नाही.

"सेठले सांगा, आता पाठवू नका म्हणावं. मी चार दिवस इचार केला. इथंच टाकते दुकान. या छपरीत."

मी गाडीवरच बसून होतो. तुमच्या मागे छपरी झाडलेली दिसली. टेबल होतं, टेबलाला शिकंजा बसवलेला, आणि सायकलचं जुनं पायडल लावून तुम्ही स्वतः बनवलेलं तार गुंडाळायचं यंत्र. सगळं तयार होतं. मला सांगायचं तेवढं उरलं होतं, आणि एक विचारायचं.

"तुम्ही येता का? अर्धं तुमचं, अर्धं माहं. येता का नाही येत, एक बोला."

मी "पाहू" म्हटलं.

बाई, चार दिवसांत तुम्ही दुकान ठरवलं, आणि मला एक 'पाहू' दीड वर्ष पुरलं. दर वेळी नवं कारण. आधी पोरीचं कॉलेज. मग सेठला वाईट वाटेल. तुम्ही म्हणाल्या, "सेठले वाईट वाटते का, पाहिलं होतं का कधी?" मग मी म्हटलं, आता सगळीकडे सोलर पंप येऊन राहिले, मोटार भरणाऱ्याला कोण विचारणार? "सोलरच्या मोटारीत का सुतळी भरली असते? तांबंच असते ना?" मग मी शेवटचं अस्त्र काढलं. अकडसासू आणि जवाई एका दुकानात, लोक काय म्हणतील?

"लोक म्हणतील, मोटार चांगली भरते."

त्यानंतर मी येणंच कमी केलं. दीड वर्षात तुमच्या छपरीत पाच वेळासुद्धा आलो नाही. दुकान कसं चाललं आहे हे देवरीला येणाऱ्या बसमधल्या माणसांकडून कळायचं. कुंदा मात्र यायची. परत आली की मी विचारायचो, "बाई काही म्हणत होत्या का?" ती म्हणायची, "तुमाले कायले पायजे?"

मोहाची फुलं पडायला लागली होती. तुम्ही पहाटे मोह वेचून आल्या, टोपली अंगणात उतरवली, तिच्या शेजारी टेकल्या आणि तशाच गेल्या. मी पोचलो तेव्हा टोपलीतली फुलं अजून ताजी होती. तिरडी उचलताना मी पुढे झालो, तर कोणी म्हणालं, "हा जवाई होये ना, अकडसासूले कसा खांदा देते?" दुसरा म्हणाला, "देऊ दे गा. त्याची गुरू होती ते." एवढ्या वर्षांत मला कोणी तुमचा शिष्य म्हटलेलं ते पहिल्यांदा. मी तर सगळ्यांना सांगत फिरायचो की तुम्हाला मी शिकवलं. मी काही दुरुस्त केलं नाही. खांदा दिला.

तुमच्या छपरीत आठ जळक्या मोटारी पडून होत्या, खडूनं नावं लिहिलेल्या. लोक तेरवीला आले, जेवले, जाताना आपापल्या मोटारीकडे पाहून गेले. कोणी नेली नाही. मागायची लाजही वाटली असेल, आणि न्यायची तरी कुठे? धान पुन्हा पोटऱ्यात होता. म्हणून मी सेठकडून आठ दिवस मागून घेतले. एवढ्या आठ मोटारी भरून द्याव्यात, कुलूप लावावं आणि मोकळं व्हावं, असं वरवर ठरवून बसलो. त्यातली पहिलीच मी न मोजता कापली.

ती सुखदासची होती, नाल्यापलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे लहान वस्तीवरच्या. मी डोक्याला हात लावून बसलो असतानाच तो आला. मोह वेचून हातपाय धुऊन, दुपारच्याला.

"झाली का जी?"

मी खरं सांगितलं. एखादा असता तर भडकला असता. सुखदास टेबलाजवळ बसला, मोटारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याला माझी कीव आली असावी.

"तं झाकणीच्या आत पाहा ना."

"कोणती झाकणी?"

"वायरी जोडते ते वरची, लहानी झाकणी. बाईनंच भरली होती ना हे मोटार मांगच्या साली. बाई आत लिहून ठेवत जाय. तुमाले नाही मालूम?"

मला नाही मालूम. नाल्यापलीकडच्या सुखदासला मालूम, मला नाही.

मी दोन स्क्रू काढले. झाकणीच्या आतल्या अंगाला खिळ्यानं कोरलेलं होतं, तुमच्या त्या शाळकरी अक्षरात. वर ५२, त्यावर आडवी रेघ. खाली ४८ आणि तारेचा नंबर. त्याच्याही खाली दोन बारीक आकडे, ३३० आणि ४१०.

आमच्या धंद्यात फेरे कोणी सांगत नाही, बाई. सेठ वही कपाटात ठेवतो आणि कपाटाची चावी जानव्याला बांधतो. दुसऱ्या मिस्त्रीला आकडा मिळाला तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल, म्हणून. आणि तुम्ही प्रत्येक मोटारीतच लिहून ठेवत होता, पुढे जो कोणी उघडेल त्याच्यासाठी. मग तो देवरीचा असो, गोंदियाचा असो, का न मोजता कापणारा गाढव असो.

"आन हे खालचे दोन काय?" मी विचारलं.

"ते लाईन होये जी. बाई मीटर घेऊन बांधीत ये. एक डाव दुपारी मोजे, एक डाव पहाटे. दोन्ही मोजल्याबिगर मोटारीले हात नाही लावे. माह्या टोल्यावर पायी आली होती, दोन्ही डाव."

पहाटे लाईन पूर्ण ताकदीनं आली म्हणजे काय, हे मीच विचारलं होतं ना तुम्हाला? उत्तर दिलं नाही म्हणून जेवण दोनदा वाढून घेतलं होतं. ते उत्तर तुम्ही पायी चालत जाऊन मोजत होता. दुपारी तीनशे तीस व्होल्ट आणि पहाटे चारशे दहा. दोघांच्या मधे बसेल अशी मोटार. अठ्ठेचाळीस हा तुमचा अंदाज नव्हता. मी दहा वर्षं त्याला अंदाज म्हणत होतो.

तरी हाताची सवय पाहा. भरायला बसलो आणि हात बावन्नच मागत होता. अठ्ठेचाळीसला पायडल थांबवलं तर वाटलं, काहीतरी अर्धवट सोडतो आहे. पहिली गुंडाळी उतरवून पुन्हा मोजली. मग शंका घेणं सोडून दिलं आणि तुमचं ऐकलं. तुमच्याच कामट्या ठोकल्या, त्या एका डब्यात तेल पाजून ठेवलेल्या होत्या. वार्निश लावून दोन दिवस उन्हात वाळवली. दोरीची वीण माझी माझीच आली, म्हणजे फट दिसते. ते सोडा.

तिसऱ्या दिवशी दुपारी, लाईन सगळ्यात कमी असते त्या वेळेला, सुखदासच्या बांधीत बटण दाबलं. मोटार क्षणभर कण्हली आणि उचलली. आवाज सरळ लागला. तुम्हाला तो आवाज माहीत आहे, सांगायला नको. पाइपातून आधी फुसफुस आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. ते बांधीत शिरलं आणि भेगांमध्ये उतरू लागलं तेव्हा जमिनीचा बारीक आवाज येतो ना, पिऊन राहिल्यासारखा, तो ऐकत मी बांधावर बसून राहिलो. सुखदास म्हणाला, "चहा घेता का?" मी पाण्याकडेच पाहत होतो. आयुष्यात हजारभर मोटारी तरी भरल्या असतील मी, पण मोटार दुकानातून गेली की माझं काम संपायचं. त्यातून पुढे पाणी निघतं हे मला माहीत होतं, पण मी ते कधी पाहिलं नव्हतं.

मग मला राहवेना. परत येताना, ज्याच्या त्याच्या परवानगीनं, लाईन बंद करून, मी एकेक झाकणी उघडत आलो. सुखदासच्या टोल्यावर चार फेरे कमी. नाला ओलांडला, तीन कमी. मधल्या बांधीत दोन. वडाच्या झाडाजवळ एक. आणि गावाजवळ, जिथं लाईनचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आहे, तिथल्या मोटारीत वर ५२ आणि खाली पुन्हा ५२, रेघ नाही. मी तिथं डीपीखाली उभा राहिलो आणि मागे वळून पाहिलं. सगळं शिवार पसरलेलं होतं, हिरवं, आणि त्या सगळ्याच्या पोटात लाईन कुठं कशी थकत जाते ते तुम्ही खिळ्यानं लिहून ठेवलं होतं. हे वीजखात्याकडे नसेल. कंपनीकडे तर नाहीच. दुसरीपर्यंत शाळा शिकलेली माझी अकडसासू, चप्पल घालून, हातात मीटर घेऊन, दुपारी एकदा आणि पहाटे एकदा, एवढं सगळं चालली होती. मी मान वर करून तारांकडे पाहत राहिलो. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटलं असेल मिस्त्रीला पक्षी दिसला.

त्या वेळी मला अपराधी वाटायला हवं होतं. तेही वाटलं, नंतर. आधी जे वाटलं ते वेगळंच होतं. एवढं मोठं काहीतरी आपल्या घरातच चाललं होतं, आपण त्याच्या शेजारी बसून चहा पीत होतो, आणि तरी आपल्याला त्याच्याजवळ बसायला मिळालं. हे भाग्य मी कमावलेलं नव्हतं. कुंदाशी लग्न झालं म्हणून मिळालं.

उरलेल्या सात मोटारी भरायला घेण्याआधी मी तुमचं मीटर घेतलं आणि सात बांध्यांत जाऊन आलो. दुपारी एकदा, पहाटे एकदा. पहाटेच्या वेळी एका कुत्र्यानं पँट फाडली. तुम्ही त्याला काय खाऊ घालत होता ते लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. सातही झाकण्यांत खिळ्यानं कोरलं. माझं अक्षर तुमच्यापेक्षा वाईट आहे. आणि आठव्या दिवशी, म्हणजे काल, देवरीला गेलो. या वेळी गाडी बंद केली, स्टँडवर लावली, आत जाऊन बसलो, आणि सेठला सांगितलं की मी येत नाही. तो म्हणाला, "सोच लो।" मी म्हटलं, डेढ़ साल सोचा सेठजी.

हे मला तुम्हाला सांगायचं होतं, बाई. तुम्ही विचारलं होतं, येता का नाही येत, एक बोला. येतो. अर्धं तुमचं, अर्धं माझं, तुम्ही म्हटलं होतं तसंच.

दुकानातून थेट घरी आलो. कुंदा तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, डीपी, झाकण्या, सेठ, सगळं. मला वाटलं आनंदेल, किंवा निदान घाबरेल. तिनं ताट खाली ठेवलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली,

"आता सांगते तुमाले. बाईच्या छातीत दुखत होतं, दोन सालापासून. डॉक्टरनं सांगितलं होतं, जड उचलायचं नाही. मोटार उचलाले आपलं माणूस पायजे होतं तिले, म्हणून तुमाले बोलावून राहिली होती. मी म्हटलं, थांब, मी सांगते त्याइले, उद्याच येतील धावत. तं मले शपथ घातली. म्हणे, कुंदा, जवाईबापू माही कीव करून आले तं चार दिवस राहतील. काम पाहून आले तं जन्मभर राहतील. तू एक शब्द नको बोलू, त्याइले आपल्या मनानं येऊ दे... उशीर केला जी तुम्ही. पण आपल्या मनानं आले."